थंड ओव्हन

चाँदरात. नानखटाईचा ट्रे तयार आणि ओव्हन तापेना! अम्मी म्हणाल्या, "सळई गेली." आधी टायमर पाहिला; तो शून्यावर असला की आमच्या ओव्हनच्या सळ्या तापत नाहीत. फिरवला, तरी आतला दिवाही लागेना. दिवा लागला असता तर सळई किंवा थर्मोस्टॅट म्हटलं असतं. इथे वीजच पोहोचत नव्हती. बटण बंद करून प्लग काढला, तर पिन करपलेली. चूक माझीच. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, आणि मी तो ६ अँपिअरच्या एक्स्टेंशनवर चालवत होते. शेजारीच मुलं झोपलेली! आता प्लग नवा, सॉकेट १६ अँपिअरचं. त्या रात्री नानखटाई कढईत मीठ तापवून भाजली. तळाला जरा लागली, पण दुपारपर्यंत डबा रिकामा.