फौजेची जुनी गाडी आणि पोलिसांची लाठी

बंगळुरूची ही माझी दुसरी पोस्टिंग. सकाळी पीटी नसेल त्या दिवशी मी अलसूर तलावाच्या कडेने फेरी मारतो. तिथे एक निवृत्त सुभेदार मेजर साहेब भेटतात. गाव सातारा जिल्ह्यात, पण पेन्शन आल्यावर इथेच घर बांधून राहिले. परवा चहा पिताना त्यांनी विषय काढला.

"आपल्या एवढ्या चिलखती गाड्या कंडम होऊन भंगारात जातात. त्या पोलिसांना देऊन टाकल्या तर काय बिघडलं? बिचारे लाठी आणि फायबरची ढाल घेऊन दगड खातात."

साहेबांचा हेतू चांगला होता. वर्दीतल्या माणसाला वर्दीतल्या माणसाची काळजी असतेच. मी तिथे फक्त "बघू साहेब" म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो. माझं उत्तर 'नको' असं आहे.

आधी गाडीबद्दल सांगतो, कारण माझी निम्मी नोकरी गाड्यांखाली झोपून झाली आहे. फौज एखादी गाडी उगाच टाकून देत नाही. वर्कशॉपमध्ये तपासणी होते, बोर्ड बसतो आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला परवडत नाही असं ठरलं तरच ती कंडम होते, मग लिलावात जाते. चिलखती गाडीचं म्हातारपण तर फार महाग. बुलेटप्रूफ काचेच्या थरांमध्ये बुडबुडे येऊन ती दुधाळ होते आणि बाहेरचं दिसेनासं होतं. वजनामुळे ब्रेक, क्लच आणि सस्पेन्शन सतत मार खातात. सुटे भाग मिळत नाहीत. जिल्ह्याच्या पोलीस मोटार विभागात बोलेरोचं क्लच बदलणारा मेकॅनिक असतो, त्याच्या गळ्यात हे लोढणं कशाला? वर्षभरात ती गाडी मुख्यालयाच्या मागे उभी राहील आणि तिच्या चाकांखाली गवत उगवेल.

आता गाडीच्या आतलं सांगतो. दक्षिण काश्मीरमध्ये आरआरला असताना मी कॅस्पीरमध्ये खूप फिरलो. ही मूळची दक्षिण आफ्रिकेची गाडी. वजन साधारण 11 टन, पोट इंग्रजी व्ही अक्षरासारखं, म्हणजे सुरुंगाचा दणका दोन्ही बाजूंना फेकला जातो. हिच्यामुळे आपली बरीच पोरं घरी परत आली आहेत, त्यामुळे मी तिला नावं ठेवणार नाही. पण आत बसलं की बाहेरचं जग काचेच्या एका तुकड्याएवढं उरतं. एकदा बाजारातून जाताना गाडीच्या बाजूवर ठण्णकन काहीतरी आदळलं. आतल्या सगळ्यांचे हात रायफलवर गेले. पुढच्या पिकअपमधून सफरचंदाची पेटी निसटून आपटली होती. पायी गस्तीवर असतो तर दोन माणसांनी ती उचलून दिली असती. आत बसलेल्याला मात्र प्रत्येक आवाज हल्ल्याचा वाटतो. दोष जवानाचा नाही, त्याच्या भोवतीच्या पत्र्याचा आहे.

आणि हीच कॅस्पीर दक्षिण आफ्रिकेत सैन्यासाठी नाही, पोलिसांसाठी बनली होती. सीमेवर सुरुंगांपासून वाचायला आणलेली गाडी 1980च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये शिरली आणि तिथल्या लोकांच्या मनात ती वर्णद्वेषी राजवटीची खूण होऊन बसली. गाडी तीच, समोरची माणसं बदलली.

अमेरिकेत तर साहेबांच्या मनातली योजना प्रत्यक्षात आहे. 1997 पासून तिथल्या कायद्यातल्या 1033 क्रमांकाच्या कलमाखाली सैन्याचं जादा सामान पोलिसांना मिळतं. इराक-अफगाणिस्तानसाठी बनवलेल्या सुरुंगरोधक गाड्या लहान गावांच्या, अगदी विद्यापीठांच्या पोलिसांकडेही गेल्या. 2014च्या ऑगस्टमध्ये फर्ग्युसन शहरात निदर्शकांसमोर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा तिथल्या माजी सैनिकांनीच विचारलं की हे पोलीस आहेत की सैन्य? 2015मध्ये ओबामांनी या वाटपावर बंधनं घातली, 2017मध्ये ट्रम्प यांनी ती उठवली, 2022मध्ये बायडेन यांनी पुन्हा घातली. एकदा दिलेली वस्तू परत घेणं किती अवघड असतं, ते यावरून कळतं.

आपल्यालाही हा धडा नवा नाही. 13 एप्रिल 1919 रोजी जनरल डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मशीनगन लावलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या. बोळ अरुंद, म्हणून त्या बाहेर राहिल्या. आत नेता आल्या असत्या तर बहुधा वापरल्या असत्या, असं त्याने हंटर कमिटीपुढे सांगितलं. 1946च्या फेब्रुवारीत नाविकांचं बंड झालं तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवरही चिलखती गाड्या फिरल्या. आपल्या आजोबांच्या पिढीला गर्दीसमोरच्या चिलखती गाडीचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नव्हता.

आता बंगळुरू. 12 सप्टेंबर 2016 रोजी मी इथेच होतो. कावेरीच्या पाण्यावर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि दुपारनंतर शहर पेटलं. तमिळनाडूच्या पासिंगच्या गाड्या शोधून जाळल्या जात होत्या. आमच्यातल्या वेल्लोरच्या हवालदाराने मोटरसायकलच्या नंबर प्लेटवर गोणपाट बांधलं. माझ्या स्कूटरवर एमएच होतं. पाण्याच्या जागी सीमाप्रश्न असता तर ते गोणपाट मला लागलं असतं, हे मला त्या क्षणी नीट कळलं. त्याच दिवशी म्हैसूर रोडजवळच्या एका डेपोत तीसहून जास्त बस जळाल्या. सोळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू लागला. पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला.

त्या संध्याकाळी आमच्या गेटबाहेरच्या चौकात वीस-पंचवीस पोरं टायर घेऊन आली. तिथे एक पोट सुटलेला हेड कॉन्स्टेबल आणि दोन होमगार्ड, एवढीच फौज. हेड कॉन्स्टेबलने हेल्मेट काढून हातात घेतलं, पुढे गेला आणि दोघा-तिघांना नावाने हाक मारली. "होग्रप्पा, मनेगे होग्री," म्हणजे जा बाबांनो, घरी जा. एकाला तर त्याच्या बापाचं नाव घेऊन दटावलं. दहा मिनिटं वाद झाला, टायर तिथेच टाकून पोरं गेली. हा माणूस 11 टनांच्या गाडीत बसला असता तर त्याला ती नावं आठवली असती का? आणि आठवली असती तरी ऐकू कुणाला गेली असती?

सगळीकडे असं घडलं नाही, हेही खरं. डेपो जळाला, कारण त्या वेळी तिथे पुरेसे पोलीस नव्हते. पण चिलखती गाडीने ते भरून निघालं नसतं. ती दहा-बारा माणसं नेते आणि एका रस्त्यावर उभी राहते. तीही सिल्क बोर्डच्या जाममध्ये अडकली नाही तर! त्या दिवशी कमी पडली ती माणसं आणि वेळेवरची खबर.

माझा चुलत भाऊ गडचिरोली पोलिसात आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो चिडला. "दादा, तुला बोलायला काय जातंय? 1 मे 2019ला जांभूळखेड्याला आमचे पंधरा जण आणि ड्रायव्हर गेले. खासगी गाडीत होते. आम्हाला पत्रा नको म्हणतोस?"

माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मुंबईची 26/11ची रात्रही आठवली. करकरे, कामटे, साळसकर साध्या क्वालिसमध्ये होते. तुकाराम ओंबळे लाठी घेऊन एके-47 समोर गेले. त्यांच्यासाठी कुणी चिलखत मागितलं तर नाही म्हणणारा मी कोण?

मग भाऊच थोड्या वेळाने म्हणाला, "तसं आम्ही जास्त करून पायीच जातो. गाडी आली की रस्ता आला, आणि रस्ता आला की सुरुंग आला." हेही खरं. 13 मार्च 2018ला सुकमातल्या किस्टारामजवळ सीआरपीएफची सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि नऊ जवान गेले. चिलखत जीव वाचवतं, तसा खोटा भरवसाही देतं.

म्हणून माझं म्हणणं असं. जिथे सुरुंग आहे तिथे पोलिसांना सुरुंगरोधक गाडी द्या, पण नवी द्या, आमची उतरलेली नको. जिथे बंदूकधारी अतिरेकी येऊ शकतो त्या शहरात कमांडो तुकडीकडे बुलेटप्रूफ गाड्या ठेवा. मुंबईत 26/11 नंतर फोर्स वन उभी राहिली, ते योग्यच झालं. 11 ऑगस्ट 2020च्या रात्री इथल्या डीजे हळ्ळी ठाण्याला जमावाने घेरून जाळपोळ केली, तसं पुन्हा झालं तर अडकलेल्यांना बाहेर काढायला एखादी गाडी लागेल, हेही मान्य. पण ती कुणाच्या लेखी हुकमाने निघेल, कशासाठी निघेल आणि काम झाल्यावर कधी परत जाईल, हे आधी कागदावर हवं. मोर्चा, बंद, मिरवणूक यांच्यासमोर ती उभी राहता कामा नये. त्या कामासाठी पोलिसांना चांगलं हेल्मेट, बॉडी प्रोटेक्टर, पुरेशी माणसं आणि आठ तासांची ड्यूटी द्या. दगड खाणाऱ्या शिपायाला याची गरज जास्त आहे.

फौजेला नागरी प्रशासनाच्या मदतीला बोलावतात तेव्हाचे नियम माजी सैनिकांना ठाऊक आहेत. मॅजिस्ट्रेटची मागणी, स्थानिक भाषेतला बॅनर, बिगुल, इशारा आणि कमीत कमी बळ. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम 130 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 149 आहे, बंधन तेच. काम झालं की आपण बॅरकमध्ये परततो. पोलीस मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच चौकात उभा असतो आणि त्याच पोरांच्या बापांबरोबर चहा पितो. त्याला आपल्यासारखं बनवण्यात त्याचं भलं नाही आणि त्या चौकाचंही नाही.

उद्या साहेबांना हेच सांगणार आहे. ते ऐकतील की नाही माहीत नाही, पण चहाचे पैसे मी देणार.

जय हिंद.