स्फुरदाचे पोते आणि सातबाऱ्याचा मालक

हंगाम तोंडावर आला की शासनाचे कृषी खाते, विद्यापीठे आणि खतकंपन्या यांना एकाच वेळी शेतकऱ्याच्या अज्ञानाची आठवण होते. स्फुरद पेरणीच्या वेळीच द्या, बियाण्याच्या खाली पेरून द्या, उभ्या पिकात फोकू नका, असा उपदेश भिंतीपासून आकाशवाणीपर्यंत सर्वत्र सुरू होतो. हा उपदेश खोटा आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तो अक्षरशः खरा आहे. आमचे भांडण आहे ते त्यामागे गृहीत धरलेल्या समजुतीशी: की खत चुकीच्या वेळी व चुकीच्या रीतीने पडते याचे कारण शेतकऱ्याच्या डोक्यात आहे.

आधी शास्त्राचे ऋण मान्य करू. नत्र पाण्याबरोबर मुळांपर्यंत वाहत जाते. स्फुरद तसे जात नाही. ते पडल्या जागेपासून जेमतेम काही मिलिमीटर सरकते. सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर ते लवकरच चुन्याशी बांधले जाते, आणि पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो. मातीशी त्याचा संपर्क जितका कमी, तितके ते अधिक काळ मुळांसाठी मोकळे राहते. म्हणून ते सर्वत्र पसरायचे नाही, ओळीत एकवटून द्यायचे. रब्बीचे गणित आणखी कठोर आहे. ज्वारी व हरभरा ही पिके जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतात. वरचा थर पंधरा-वीस दिवसांत सुकतो, मुळे ओलीमागे खाली जातात, आणि वर फोकलेले खत त्या कोरड्या ढेकळांत तसेच पडून राहते. दोन चाड्यांची पाभर आपल्याकडे एवढ्यासाठीच आली: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियाण्याच्या थोडे खाली व बाजूला. हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद ही शिफारस घेतली, तर एकरी डीएपीचे एक पोतेही पुरे लागत नाही.

एक पोते! पण ते वाफशाच्या त्या आठ-दहा दिवसांत बांधावर हवे. वाफसा बँकेच्या शाखाधिकाऱ्याची वाट पाहत नाही. पीककर्जाचे नूतनीकरण लांबते, सोसायटीच्या गोदामात खत नसते, दुकानदार उधारी देतो ती स्वतःच्या अटींवर, आणि डीएपीच्या एका पोत्याबरोबर नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतो. मग शेतकरी आधी पेरतो, कारण ओल जाईल. आणि खत मिळेल तेव्हा वरून टाकतो, कारण टाकले नाही तर काहीच दिले नाही असे मनाला लागते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एकदा त्याच आठवड्यात रांगेत उभे राहावे.

हा उशीर आभाळातून पडलेला नाही. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खतांवरील किंमत-नियंत्रण उठले आणि युरियाचे मात्र कायम राहिले. एका वर्षात देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण 5.9:2.4:1 वरून 9.5:3.2:1 वर गेले. 2010 साली पोषकद्रव्याधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया बाहेरच राहिला. ज्या खताचा दगड व आम्ल मुख्यतः परदेशातून आणावे लागते, ते खत आपण बाजाराच्या हवाली केले. आणि 2024 च्या रब्बीत डीएपीसाठी रांगा लागल्या तेव्हा तोच बाजार हात वर करून उभा राहिला. सिंगल सुपर फॉस्फेटने बरेच भागले असते. त्यातले गंधक डाळवर्गाला व तेलबियांना हवेच असते. पण तेवढ्याच स्फुरदासाठी एकरी अडीच पोती वाहायची, तर बैलगाडी आणि मजुरी कोणाची?

तथापि मूळ दुखणे याहून खोल आहे, आणि त्याबद्दल उपदेशकांच्या तोंडून चकार शब्द निघत नाही. पहिल्या हंगामात न उचललेला स्फुरद नाहीसा होत नाही. त्यातला बराच जमिनीत राहतो आणि पुढच्या पिकांना हळूहळू मिळतो. तो एक प्रकारची ठेव आहे. ठेव ठेवतो कोण आणि काढतो कोण? मराठवाड्यात बटाईने कसणारा माणूस पोत्याचे पैसे भरतो, पाभरीमागे चालतो, आणि गुढीपाडव्याला मालक त्याच्याकडून रान काढून घेतो. उरलेला स्फुरद सातबाऱ्याच्या मालकाचा. 1950 च्या कूळकायद्याच्या धास्तीने मालक करार तोंडीच ठेवतो. सातबाऱ्यावर नाव नसल्याने बटाईदाराला पीककर्ज नाही. आणि माती-परीक्षणाची पत्रिका असलीच तर तीही मालकाच्या कपाटात. ज्या जमिनीत आधीच पुरेसा स्फुरद आहे तिथे या वर्षी पोते वाचवता येते, हे त्याला कळावे कसे? एका वर्षापुरता आलेला माणूस चार वर्षांच्या हिशेबाने खत देईल, अशी अपेक्षा करणे हीच थट्टा आहे.

हा प्रश्न जगात प्रथम आम्हालाच पडला असेही नाही. सुपर फॉस्फेटचे पेटंट 1842 साली घेणारे जॉन बेनेट लॉज हे स्वतः जमीनदार आणि कारखानदार होते. श्रमिकांचे कैवारी नव्हेत. तरीही जमीन सोडणाऱ्या कुळाला त्याने मातीत घातलेल्या, पण न संपलेल्या खताचे मोल किती द्यावे, याचे कोष्टक त्यांनी सहकारी गिल्बर्ट यांच्यासह 1885 साली मांडले. इंग्लंडच्या कायद्याने ही भरपाई त्याआधीच, 1875 पासून, मान्य केली होती. आपल्याकडे नीती आयोगाच्या 2016 च्या आदर्श भाडेपट्टा कायद्यात असे एक कलम सुचवले गेले खरे, पण मालकीहक्काला पूर्ण अभय देण्याच्या बदल्यात! कुळाचा हक्क विकून खताची किंमत पदरात घ्या, हा सौदा आम्हाला मान्य नाही.

मालक म्हणतील, शिल्लक खत मोजायचे कसे? पेरणीपूर्वी आणि रान सोडताना, अशा दोन वेळा ऑल्सन पद्धतीने माती तपासा. फरक पोत्यांत मांडायला ग्रामसेवक पुरेसा आहे. शासनाने एवढे करावे: बटाईदाराची नोंद पीकपाहणीत सक्तीने घ्यावी, तिच्या आधारे सोसायटीने त्याला सप्टेंबर संपण्यापूर्वी कर्ज व खत द्यावे, आणि गावोगावच्या सोसायटीत भाड्याने मिळणारी दोन चाड्यांची पाभर ठेवावी. तोवर भिंतीवरची घोषणा पुसून टाकली तरी चालेल.