स्क्रीन आली, प्रॅक्टिकलचं काय?

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची झेडपी शाळा आठवतेय? संदीप गुंड सरांनी लोकवर्गणीतून ती डिजिटल केली आणि शाळेचं नाव राज्यभर झालं. तेव्हापासून आपल्या डोक्यात एक समीकरण फिट बसलंय, स्क्रीन म्हणजे प्रगती. पण टॅब फोटोत येतो. त्याच्यावर रोजचा धडा कसा बसवायचा, ही सरांची मेहनत फोटोत येत नाही.

1983 मध्ये अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी माध्यमाला किराणा पोचवणाऱ्या ट्रकची उपमा दिली. ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही, शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. रॉबर्ट कोझमा यांना ते पटलं नाही. काही गोष्टी ठरावीक माध्यमातूनच नीट पोचतात, असं त्यांचं म्हणणं. मला दोघंही पटतात, फक्त वेगवेगळ्या तासाला! फोर-स्ट्रोक इंजिनच्या आत काय चालतं, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ॲनिमेशनमध्ये पटकन कळतं. लेथवर टूल किती दाबायचं, हे मात्र कुठलाच व्हिडिओ शिकवत नाही. कोडिंगचंही तेच. ट्युटोरियल बघत टाइप केलेला प्रोग्रॅम चालतो, रिकाम्या स्क्रीनवर स्वतः लिहायला बसलं की आपण ब्लँक.

गंमत बघा, त्याच 1983 साली पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वायरिंग, वेल्डिंग, शेतीची कामं करतात. आधी हात, मग पुस्तक.

आपल्याकडे उलटं होतं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये लेक्चर मोबाइलवर आली. भातसा-तानसाचं पाणी शहापुरातून मुंबईला पोचतं, पण पाड्यावर रेंज पोचेना. लेक्चरचं नुकसान पीडीएफने थोडंफार भरून निघालं, प्रॅक्टिकलचं कशाने निघणार? आणि मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला गेलात तर सुपरवायझर पीडीएफ विचारत नाही, 'हे करून दाखव' म्हणतो.

म्हणून स्मार्ट बोर्डाच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवताना कॉलेजला एक विचारा: थिअरीचा व्हिडिओ आदल्या रात्री ग्रुपवर टाकला, तर वाचलेला तास लॅबला मिळेल का? सध्या एका मशीनभोवती अख्खी बॅच उभी असते आणि हात लावतात दोघंच. बाकीचे जर्नल उतरवतात.