जागल कोणी करायची?

राज्यशास्त्राच्या तासाला विनोबांच्या शासनमुक्त समाजाची चर्चा निघाली, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, मग चोर आले तर?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

आमच्या इंझोरीच्या शिवारात हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरे उतरतात. तेथे फौज नाही की पोलीस नाही. ज्याचे शेत, त्याची जागल. आम्ही रात्रभर डबे बडवतो. कळप पळतो, पण कोठे? शेजारच्या शेतात. तेथे एखादी म्हातारी एकटी असेल तर सकाळी तिचे पीक भुईसपाट. सरकारवाचून संरक्षण होते, हे खरे. पण ज्याच्या घरी जागणारी माणसे आहेत, त्याचेच.

मग सगळ्यांनी पाळीने जागावे, असे कोणी म्हणेल. जुन्या गावगाड्यात गावची राखण गावच करी, पण ती पाळी सगळ्यांना नव्हती. ते काम जन्मानेच महारांच्या माथी, आणि त्यांची वस्ती मात्र गावकुसाबाहेर! माझ्या पणजोबांनी ही राखण बलुत्यावर केली आहे. या वतनाच्या जोखडातून माणसे सुटावीत म्हणून डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळातच विधेयक मांडावे लागले. 'गाव हेच सरकार' हे शब्द माझ्या कानाला गोड लागत नाहीत, ते यामुळे.

विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेना उभारली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये शंकरराव देव दिल्लीहून पेकिंगकडे पायी निघाले. त्या यात्रेकरूंचे धैर्य सैनिकाहून उणे नव्हते, पण चीनने त्यांना आत येऊच दिले नाही.

अर्थात सरकार असले म्हणजे निश्चिंत झोपावे, असेही नाही. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने आमच्या जवळचे कारंजा लुटले, तेव्हा तेथे मोगलांचे राज्य होतेच. सारा वेळेवर वसूल होई. फौज वेळेवर पोचली नाही. तरीही मी सरकारच्याच बाजूचा आहे. आजच्या सरकारला निदान मत देताना जाब विचारता येतो.

यंदा आम्ही तिघा शेजाऱ्यांनी पाळी लावून पाहिली. दुसऱ्याच आठवड्यात एकजण लग्नाला गेला, तो चार दिवस आलाच नाही. त्या चार रात्री रोही मात्र नेमाने आले.