पाण्याची पातळी मोजता, पाणवठ्याची वाट कोण मोजणार?

माझे वडील भंडाऱ्याहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला आले. घरात बाबासाहेबांची तसबीर होती आणि दाराशी पाण्याचे दोन ड्रम. पाण्याचे सरकारी आकडे मी त्या ड्रमांजवळ उभा राहून वाचतो.

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. जमिनीत किती मुरले, किती उपसले याचा हिशेब होतो आणि अख्खा ब्लॉक 'सुरक्षित' किंवा 'अतिशोषित' ठरतो. पण ब्लॉक सुरक्षित आहे म्हणून सतनामी पाऱ्यातल्या हातपंपाला पाणी असेलच असे नाही. कुणाला कुठल्या विहिरीवर जात आडवी येते, याचा रकाना त्या हिशेबात नाही.

नद्यांचा प्रवाह केंद्रीय जल आयोग मोजतो. त्याची पूर्वज संस्था १९४५ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना उभी राहिली. तरीही १९९८ मध्ये आमच्या शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हाती गेला. मासेमारीला, आंघोळीला मज्जाव होतो, अशा तक्रारी गावकऱ्यांनी केल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वस्तीच्या पाणवठ्याची पातळी नोंदवा, तिथे कोण पाणी भरू शकते तेही नोंदवा आणि ती नोंद ग्रामसभेत, वॉर्डात वाचून दाखवा.

महाडच्या चवदार तळ्यात पाणी होतेच. ते सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठरावही होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी आपल्याला तिथवर चालत जावे लागले.