आराखडा कुणाचा, धर्मग्राम कुणाचा?

‘धर्मग्रामाचे भवितव्य’ हे शब्द अलीकडे आपल्या सभासमारंभांतून वारंवार कानी पडतात. रौप्यमहोत्सव असो, सुवर्णमहोत्सव असो की नव्या धर्मगुरूंचे स्वागत असो, भविष्याचा उच्चार झाल्याखेरीज हारतुरे पुरे होत नाहीत. परंतु हे भवितव्य म्हणजे नेमके काय, असे विचारले तर उत्तर बहुधा सिमेंटचे मिळते : नवे सभागृह, नवा ग्रोटो, आवाराला फरसबंदी. निर्णय धर्मगुरूंचा, पावतीपुस्तक प्रापंचिकांच्या हाती. यालाच ‘सर्वांचे स्वप्न’ म्हणण्याची प्रथा आता थांबली पाहिजे.

सोलापूरकरांना हे फार फोडून सांगावे लागू नये. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर हे शहर उठू-बसू लागले. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. हजारो कुटुंबांनी आपला उद्याचा दिवस त्या भोंग्यांच्या स्वाधीन केला. त्या दिवसाचा हिशेब मात्र कचेरीत होत असे आणि मागावर उभ्या असलेल्या माणसाचा शब्द तेथे अखेरचा नसे. भोंगे एकामागून एक थांबले. दुसऱ्याने आखलेल्या भवितव्यावर विसंबणे किती महाग पडते, हे ज्या शहराने पोटावर सोसले, तेथील भाविकांनी आपल्या श्रद्धाजीवनाचा आराखडा डोळे मिटून दुसऱ्यावर सोपवावा, हे नवलच नव्हे काय?

आपला समाज संख्येने लहान, पण आतून विविध आहे. मराठीबरोबर कोकणी, तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणारी कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात. मागे वृद्ध आईवडील उरतात. अनेक घरांवर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचे ओझे आहे. अनुसूचित जातीचा दर्जा १९५६ साली शीख बांधवांना आणि १९९० साली बौद्ध बांधवांना मिळाला. ख्रिस्ती दलित मात्र अद्याप उंबरठ्याबाहेर आहे. आपल्या अंगणातही त्याला समान वागणूक मिळत नाही, हे भारतातील कॅथलिक महागुरूंनी डिसेंबर २०१६ मधील दलित सक्षमीकरणाच्या धोरणातून मान्य केले. ज्याला शासनाने दारात अडवले, त्याला आपण बैठकीत मागच्या बाकावर बसवणार असू, तर ‘आपले भवितव्य’ या शब्दातील ‘आपले’ म्हणजे कोण?

येथे एक जुना आक्षेप हमखास पुढे येतो : ‘ख्रिस्तसभा म्हणजे लोकशाही नव्हे.’ मान्य. श्रद्धेची सत्ये हात वर करून ठरत नाहीत. परंतु ख्रिस्तसभा एकहाती कारभारही नव्हे. यरुशलेममध्ये विधवांच्या अन्नवाटपावरून कुरबूर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात जणांची नावे परस्पर जाहीर केली नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावले आणि निवड त्यांच्यावर सोपवली. हात ठेवण्याचे कार्य तेवढे स्वतःकडे ठेवले. तिसऱ्या शतकात कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिले, की तुमचा सल्ला आणि लोकांची संमती घेतल्यावाचून काही करायचे नाही, असा माझा आरंभापासूनचा निश्चय आहे. ही वाट परकी नाही, आपलीच आहे; तिच्यावर गवत उगवले आहे एवढेच.

१९८३ च्या धर्मसंहितेकडे पाहिले म्हणजे विसंगती स्पष्ट दिसते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असलेच पाहिजे, असे कलम ५३७ सांगते. पालकीय मंडळ मात्र, कलम ५३६ नुसार, महागुरूंना उचित वाटल्यास. आणि त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते. पैशाला मंडळ सक्तीचे, माणसांना ऐच्छिक! हीच संहिता कलम २१२ मध्ये भाविकांना आपले मत मांडण्याचा हक्क देते, किंबहुना काही वेळा ते कर्तव्य ठरवते; आणि कलम १२८७ मध्ये भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे सांगते. ही दोन कलमे आपल्या व्यासपीठांवरून कितीदा ऐकू येतात?

२०२१ पासून २०२४ पर्यंत सहयात्री ख्रिस्तसभेविषयी जगभर विचारविनिमय झाला. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सिनडच्या अंतिम दस्तऐवजाला मान्यता दिली. सहभागाची ही मंडळे सक्तीची व्हावीत, कारभार पारदर्शक असावा, असे त्यात नि:संदिग्धपणे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस २०२५ साली निवर्तले. पण काम थांबलेले नाही. २०२८ च्या ऑक्टोबरात याच वाटचालीची सभा व्हॅटिकनमध्ये भरायची आहे. तोवर आपल्याकडे प्रश्नावल्यांचे गठ्ठे कपाटातच राहणार काय?

दोष केवळ झग्याचा नाही. ‘फादर म्हणतील तसे’ ही प्रापंचिकांची नम्रता नव्हे. पुष्कळदा ती सोय असते. बदली होऊन धर्मगुरू जातात, नवे येतात, नवा आराखडा आणतात. धर्मग्रामात पिढ्यानपिढ्या राहतात ते भाविक. राहणाऱ्याने गप्प बसावे आणि जाणाऱ्याने भविष्य सांगावे, हा उलटा न्याय दोघांनी मिळून पोसला आहे.

तेव्हा मागणे साधे आहे. प्रत्येक धर्मग्रामात पालकीय मंडळ असावे. त्यात वस्त्यावस्त्यांतून निवडून आलेल्या स्त्रिया असाव्यात, यंत्रमागावरचे कामगार असावेत, तरुण असावेत. नेहमीचीच देणगीदार नावे पुरेत. वर्षाचा जमाखर्च मिस्सानंतर वाचून दाखवावा व फलकावर लावावा. ठराव मराठीत लिहून ठेवावेत आणि बदलीच्या वेळी नव्या धर्मगुरूंच्या हाती किल्ल्यांबरोबर ती वहीही द्यावी. पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर बांधकाम नसावे. पुण्याला गेलेल्या मुलांशी नाते कसे टिकवायचे, एकट्या वृद्धांकडे आठवड्यातून कोण जाणार, आणि दलित कुटुंबांच्या न्यायहक्कासाठी आपण काय करणार, हे तीन विषय पुरेसे आहेत.

वाचकहो, यासाठी रोमच्या नव्या फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मगुरूंपुढे आदराने उभे राहा आणि बैठकीची तारीख मागा. तारीख मिळाली नाही, तर पुढच्या रविवारी पुन्हा मागा.