शून्य ही सुद्धा नोंदच असते

शिक्षक मित्रांनो, मुलांना परिसरातले पक्षी मोजायला सांगितलं की वह्या कशा येतात ते आपल्याला ठाऊक आहे. चिमण्या दहा, कावळे पाच, घारी दोन. भोवती रंगीत चौकट. मागे एका मुलाच्या वहीत घारीच्या रकान्यात सलग तीन दिवस शून्य होतं. मी म्हटलं, "नीट बघितलं नाहीस वाटतं!" दुसऱ्या दिवशी त्यानं शून्य खोडून रोज दोन-दोन घारी लिहून आणल्या. मी गुण वाढवले. चूक माझी होती, हे हॉक माउंटनबद्दल वाचल्यावर उमगलं.

हा डोंगर अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या किटाटिनी रांगेत आहे. वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि त्यावर स्वार होऊन शिकारी पक्षी दर शरद ऋतूत दक्षिणेकडे जातात. पूर्वी लोक तिथे बंदुका घेऊन बसत आणि गंमत म्हणून त्यांना पाडत. १९३४ मध्ये रोझाली एज यांनी तो डोंगर भाडेपट्ट्यानं घेतला आणि राखणीसाठी मॉरिस ब्रून यांना नेमलं. ब्रून यांनी राखण करता करता पक्षी मोजायला सुरुवात केली.

त्यात बाल्ड ईगल हा गरुडही असे. मोठ्या गरुडाचं डोकं पांढरंशुभ्र, तर पहिल्या वर्षाचा गरुड सगळा काळपट. त्यामुळे लहान-मोठे वेगळे मोजता येत. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत शंभरात चाळीस लहान होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते वीसवर आले. १९५७ साली तर बत्तीस मोठ्यांमागे एकच लहान! मोठे गरुड आकाशात दिसतच होते, पण नवी पिढी येत नव्हती. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात डीडीटीचे धोके सांगताना हेच आकडे वापरले. १९७२ मध्ये अमेरिकेत शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली.

१९३५ साली मोजताना हे आकडे कशाला उपयोगी पडतील, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा शेतात डीडीटी आलंही नव्हतं. पुढे आकडे घसरल्यावर "इतके तर गेलेच असतील" म्हणून कुणी रकाना भरला असता, तर त्या वहीला काय किंमत राहिली असती?

म्हणून माझं मत असं, की गुण पक्ष्यांच्या संख्येला देऊच नयेत. मूल ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं उभं राहिलं का, हवा कशी होती ते लिहिलं का, एवढंच बघावं. आणि पालकांनो, वही जमा करायच्या आदल्या रात्री बसून ती पूर्ण करून देऊ नका. रिकामा राहिलेला दिवस रिकामाच दिसू द्या.

त्या तीन दिवसांत आमच्या गावावर घारी खरंच नव्हत्या का? आता ते कधीच कळणार नाही. नोंद होती, ती मीच खोडायला लावली.